नोकरी-संसार सांभाळून पदवी घेताना

नाशिकमधील सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दहा-बारा वर्षे काढल्यानंतर, किंवा मुले मोठी झाल्यावर, राहून गेलेल्या पदवीकडे वळणाऱ्यांनी प्रवेशअर्जाआधी ती नेमकी कशासाठी हवी, हे एका ओळीत लिहून काढावे. बढतीसाठी हवी असल्यास दूरशिक्षणाची पदवी सेवानियमांत ग्राह्य आहे का, याचे उत्तर आस्थापनेकडून लेखी घ्यावे. साहेबांच्या तोंडी होकारावर तीन वर्षे लावू नयेत. राज्यसेवा परीक्षेसाठी हवी असल्यास वयाचा हिशेब आधी करावा: कमाल वयोमर्यादा सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 वर्षे असल्याने, छत्तिसाव्या वर्षी प्रवेश घेणारा खुल्या प्रवर्गातील उमेदवार पदवी हाती येईपर्यंत बाहेर पडलेला असतो. अभियांत्रिकी, विधी किंवा परिचर्या यांसाठी तर नियमित महाविद्यालयच गाठावे लागते.

कला किंवा वाणिज्य शाखेसाठी गंगापूर धरणाजवळचे, 1989 साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्या दारातच आहे. मात्र तुमचा प्रत्यक्ष संबंध येतो तो अभ्यासकेंद्राशी, आणि माझ्या मते यश-अपयश बरेचसे तिथेच ठरते. रविवारची संपर्कसत्रे, म्हणजे केंद्रावरचे वर्ग, खरोखर होतात का, समंत्रक, म्हणजे तिथले मार्गदर्शक शिक्षक, शंका सोडवतात का, हे मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांना विचारूनच केंद्र निवडावे. विवाहित महिलांनी दहावीच्या प्रमाणपत्रावरील आणि आधारवरील नाव जुळते का, हे तेव्हाच पाहावे; नावबदलाचे राजपत्र ऐन नोकरीच्या वेळी शोधत बसणे फार क्लेशदायक ठरते.

अनेक वर्षांनी पुन्हा शिकणाऱ्यांची समज कमी पडत नाही, लिहिण्याची सवय कमी पडते. म्हणून पहिल्या महिन्यापासून रोज एक उत्तर घड्याळ लावून हाताने लिहावे. द्राक्षबागायतदारांनी ऑक्टोबरच्या छाटणीआधीच वाचनाचा मोठा भाग उरकावा, कारण पुढे काढणी संपेपर्यंत बाग माणसाला सोडत नाही. घरी शांतता नसेल, तर 1840 पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय शहरात आहेच.

पदवीने पगार आपोआप वाढत नाही. मात्र 'पदवीधर हवा' या अटीवर अर्ज बाजूला पडणे थांबते. परिचयपत्रात कामाचा अनुभव आधी लिहावा, आणि नोकरीची व शिक्षणाची वर्षे शेजारी-शेजारी मांडावीत, म्हणजे दोन्ही एकाच वेळी पेलल्याचे वाचणाऱ्याला दिसेल. मुलाखतीत 'इतक्या उशिरा का?' असे विचारले गेल्यास घरची परिस्थिती एका वाक्यात सांगावी आणि शिकलेल्या विषयाचा कामात झालेला एखादा उपयोग, उदाहरणार्थ लेखाकर्म शिकल्यावर साठानोंदीत सापडलेली चूक, तपशीलवार सांगावा.