पाचव्या महिन्यातल्या शंका: हालचाल, सोनोग्राफी आणि गोळ्यांचं वेळापत्रक

मळमळ ओसरते, पोट दिसू लागतं आणि नवी धास्ती सुरू होते: बाळ हलत का नाही? पहिलटकरणीला हालचाल साधारण 18 ते 20 आठवड्यांना कळते, दुसऱ्या वेळी 16 पासूनही. वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीवर असेल (रिपोर्टमध्ये 'अँटेरिअर' लिहिलेलं असतं) तर आणखी उशीर होतो. सुरुवातीला पोटात गॅस सरकल्यासारखं वाटतं, त्यामुळे पुष्कळदा ओळखूच येत नाही. एक दिवस जाणवलं आणि पुढचे दोन दिवस काहीच नाही, असंही या टप्प्यावर होतं. 24 आठवडे झाले तरी एकदाही जाणवलं नसेल तर डॉक्टरांना सांगा. पुढे हालचालीची सवय झाल्यावर ती कमी वाटली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. गोड खाऊन वाट बघत बसू नका.

बाळाचे अवयव तपासणारी सोनोग्राफी 18 ते 20 आठवड्यांत करून घ्या. ओळखपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी न्या. बाळ पालथं असेल तर "जरा फिरून या" म्हणतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तारीख मात्र पुढे ढकलू नका. काही गंभीर दोष दिसलाच तर दुसरं मत, पुढच्या तपासण्या आणि गर्भपाताचा निर्णय या सगळ्याला वेळ लागतो, आणि 24 आठवड्यांनंतर गर्भपाताला कायद्याने वैद्यकीय मंडळाची मंजुरी लागते. 'वार खाली आहे' हा शेरा या वयात बऱ्याच जणींच्या रिपोर्टवर असतो. गर्भाशय वाढतं तशी बहुतेकींची वार वर सरकते. 32 आठवड्यांच्या सुमारास पुन्हा बघतात. मुलगा की मुलगी हे विचारू नका, 1994 च्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे.

सगळ्यात जास्त घोळ गोळ्यांचा होतो. सरकारी दवाखान्यात रोज लोहाची एक (60 मिलिग्रॅम लोह, 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड) आणि कॅल्शियमच्या 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या मिळतात. दोन्ही एकदम घेतल्या तर कॅल्शियम लोह शोषू देत नाही, आणि गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. म्हणून असं बसवा: सकाळी नाश्त्यानंतर कॅल्शियम, दुपारी जेवून दोन तास झाले की लिंबूपाण्यासोबत लोह, रात्री जेवणानंतर पुन्हा कॅल्शियम. चारचा चहा लोहाच्या गोळीनंतर तासाभराने. शौचाला काळी होते, ते लोहामुळेच. मळमळ फार झाली तर गोळी बंद करण्याऐवजी रात्री झोपताना घ्या, फक्त कॅल्शियमपासून दोन तासांचं अंतर राखा. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर डोस डॉक्टर वाढवतील, आपल्या मनाने दोन गोळ्या नकोत.

कूस बदलताना जांघेत चमक येते, ती गर्भाशयाला धरणाऱ्या पट्ट्या ताणल्याने. सावकाश उठा. रात्री पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून चवडा स्वतःकडे ओढा. झोपेत उताणं झालात तरी बाळाला काही झालेलं नसतं, जाग आली की कुशीवर वळा.

24 ते 28 आठवड्यांत साखरेची तपासणी असते: 75 ग्रॅम ग्लुकोज 300 मिलिलिटर पाण्यात घालून 5 ते 10 मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. 140 किंवा जास्त आलं तर आहार आणि उपचार सुरू होतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, थांबून थांबून पोट कडक होणं, ताप, लघवीला जळजळ, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांसमोर अंधारी, चेहऱ्यावर एकाएकी सूज, रक्तदाब 140/90 किंवा वर: यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. गाडी नसेल तर 108 लावा आणि निघताना तपासण्यांची फाइल घ्या, रक्तगट त्यातच लिहिलेला असतो.