सांधा सरकला आणि आपोआप बसला, तरी थांबा

मागच्या नवरात्रात माझी भाची गरब्यात गरकन वळली, पाय जमिनीलाच राहिला आणि अंग फिरलं. म्हणाली, मावशी, गुडघ्याची वाटी बाहेर गेली होती, पाय सरळ केला तर टक्कन आत आली. दहा मिनिटांनी बाई परत खेळायला निघाल्या, मी हात धरून खाली बसवलं, कारण माझा डावा खांदा असाच "बसला ना, मग झालं" म्हणत म्हणत तीनदा सरकलाय आणि तिसऱ्या वेळी तर नुसतं उंच दोरीवर चादर टाकत होते.

याला डॉक्टर सबलक्सेशन म्हणतात. हाड खोबणीतून अर्धवट सरकतं, पूर्ण सुटत नाही, आणि बरेचदा आपलं आपणच जागेवर येतं म्हणून लोकांना वाटतं मुरगळलं असेल. पण त्या एका क्षणात लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडांशी बांधून ठेवणारे पट्टे, ताणली जातात, कधी फाटतात, आणि मग सांधा पुढच्या वेळी कमी जोरातही सरकतो. खांद्याचं तर काय, खोबण इतकी उथळ की बशीवर लिंबू ठेवल्यासारखं, त्याला धरून ठेवतात ते भोवतीचे स्नायू आणि खोबणीच्या कडेची कूर्चा.

त्या वेळी काय करायचं? जे चाललंय ते थांबवा. ओढू नका, दाबू नका, तेल लावून चोळू नका. आपल्या बडोद्यात हाड बसवायची परंपरा जुनी, जुम्मादादा व्यायाममंदिराचे माणिकराव त्यासाठी नावाजलेले होते, त्यामुळे घरातली मोठी माणसं अजून "कोणाकडून तरी बसवून घे" म्हणतात. त्या विद्येबद्दल मला मनापासून आदर आहे, पण आत हाडाचा टवका उडालाय का हे एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही, आणि चुकीच्या दिशेने ओढलं तर नस दुखावते.

खांदा असेल तर ओढणीची झोळी करून हात पोटाशी धरा, गुडघा असेल तर ज्या स्थितीत कमी दुखतं तसाच उशीवर ठेवा. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं, थेट कातडीवर नाही. मग बोटं बघा. मुंग्या, बधिरपणा, बोटं पांढरी किंवा गार पडणं, सांध्याचा आकार वेगळा दिसणं, हात-पाय हलवताच न येणं, यातलं काहीही असलं तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल. आणि लहान मुलांना एका हाताने लटकवून उचलूच नका, पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं कोपर अशाने पटकन सरकतं, मूल हात लोंबकळत ठेवून रडत राहतं. त्यालाही डॉक्टरकडेच न्यायचं.

आता खरी गोष्ट पुढची, जी बहुतेक जण सोडून देतात. झोळी डॉक्टर सांगतील तितकेच दिवस, जास्त ठेवली की खांदा आखडतो. मग फिजिओ. मला पहिला व्यायाम दिला तो इतका साधा की मला आधी पटलाच नाही: भिंतीशेजारी उभं राहायचं, कोपर अंगाला चिकटवून काटकोनात, मुठीची मागची बाजू भिंतीवर टेकवून बाहेर ढकलायचं, पाच सेकंद, दहा वेळा, हात हलता कामा नये. कोपर अंगापासून सुटू नये म्हणून फिजिओने काखेत नॅपकिनची गुंडाळी धरायला लावली होती, ती पडली की मोजणी परत पहिल्यापासून. भाचीला गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळून खाली दाबायला सांगितलं. हे दुखणं कमी झाल्यावर, फिजिओने दाखवूनच करा, आणि महिनोन्‌महिने करा.

हात वर आणि मागे जाईल अशी पोझिशन टाळा. स्कूटरवर बसून मागच्या सीटवरची पिशवी ओढणं, उत्तरायणला दिवसभर पतंग खेचणं, हातावर डोकं ठेवून झोपणं, सगळं त्यातच येतं.

अंगठा वाकवून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो, कोपरं उलटी वळतात, असं असेल तर सांधे मुळातच सैल असू शकतात, ते डॉक्टरला आवर्जून सांगा आणि मैत्रिणींना करून दाखवायची सवय मोडा. वय कमी तितकी खांदा पुन्हा सरकायची शक्यता जास्त, म्हणून विशी-पंचविशीतल्या मुलाचा दुसऱ्यांदा सरकला तर एमआरआय आणि ऑपरेशनचं तेव्हाच विचारून घ्या, तिसऱ्या वेळेची वाट बघू नका.