गावाचा स्वातंत्र्यलढा लिहिताय? या चुका टाळा

ऑगस्ट जवळ आला की ग्रामपंचायतीला फलक लावायचा असतो, शाळेला स्मरणिका काढायची असते, आणि काम गावातल्या एखाद्या मास्तरांच्या नाहीतर नुकत्याच पदवी घेतलेल्या पोराच्या गळ्यात पडतं. मग १८५७, टिळक, दांडी, चले जाव एवढं मोबाइलवरून उतरवलं जातं आणि खाली गावाचं नाव टाकलं जातं. त्यात गावाचं असं काहीच नसतं. विदर्भातल्या खेड्यांनी इंग्रजांशी टक्कर घेतली ती गवतासाठी, चराईसाठी, मिठासाठी, आपल्या मुलखात उभ्या राहणाऱ्या टेलिग्राफच्या तारेच्या खांबांविरुद्ध. ते कारण आधी शोधा.

राज्य नेमकं कोणाचं होतं, हे न पाहता लिहिणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आजचा विदर्भ तेव्हा एका राज्याखाली नव्हता. अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ हा वऱ्हाड निजामाचा. फौजेच्या खर्चापोटी निजामावर कर्ज चढलं आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार कंपनीकडे गेला. पुढे १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडला. मालकी कागदोपत्री निजामाची, हुकूम इंग्रजांचा. त्यामुळे '१९३० साली आमचं गाव निजामाच्या जुलमाखाली होतं' असं बुलढाण्याच्या गावाने लिहिलं तर ते चूक. १७ सप्टेंबर १९४८ चा हैदराबाद मुक्तिदिनही मराठवाड्याचा, वऱ्हाडाचा नव्हे.

नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) हा भोसल्यांचा मुलूख. तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि डलहौसीने वारस नाही म्हणत १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. नागपुराकडे मालगुजारी लागू झाली, वऱ्हाडात रयतवारी. तुमच्या गावच्या तळ्याला लोक 'मामा तलाव' म्हणत असतील, तर तो माजी मालगुजारी तलाव. म्हणजे तुमच्या आजोबा-पणजोबांचा शेतसारा मालगुजाराच्या हातून सरकारात जात होता, आणि गावातला राग आधी त्याच्या वाड्यावर निघत असणार. वऱ्हाडातला खातेदार थेट सरकारला सारा भरायचा. (यवतमाळकडे इजारदारीची, म्हणजे ठेक्याने दिलेली गावंही होती, तिथे जपून लिहा.) अकोल्याच्या गावाच्या गोष्टीत मालगुजार आला, तर ती गोष्ट दुसऱ्या मुलखातून उचललेली आहे असं समजा.

'मुंबई सरकारने लाठीमार केला' हे वाक्यही खोडा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. तुमचे जुने कागद मुंबईत सापडत नाहीत, त्याचं कारणही हेच.

समुद्र नाही, म्हणून मिठाची गोष्ट खोटी ठरवणं

पूर्णेकाठच्या गावांत म्हातारी माणसं मिठाच्या सत्याग्रहाचं सांगतात आणि लिहिणारा ते गाळतो. इथे कुठून आलं मीठ, असं त्याला वाटतं. गाळू नका. तो खारपाणपट्टा आहे, विहिरींचं पाणीच खारट. एप्रिल १९३० मध्ये अकोला जिल्ह्यातल्या दहिहंड्याला असंच खारं पाणी आटवून मिठाचा कायदा मोडला गेला. दांडीहून ते जराही उणं नव्हतं.

तीच गत जंगल सत्याग्रहाची. 'आबाजी गवतापायी जेलात गेल्ते' असं आजी सांगते तेव्हा नातवाला ती चोरी वाटते आणि फलकावर 'स्वातंत्र्यासाठी कारावास' एवढंच येतं. पण गवत हेच तर लढ्याचं कारण होतं. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या जंगल कायद्याने गावाशेजारचं रान राखीव झालं. जिथे गुरं बिनबोभाट चरायची तिथे चराईचा पैसा मोजावा लागू लागला, लाकडाची मोळी गुन्हा ठरली. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापलं आणि ते लोण गावोगावी पोचलं. फलकावर गवताचा भारा, विळा, रानाचं नाव, सगळं येऊ द्या. ते रान आजही गावाच्या शिवेला लागून असेल तर पोरांना तिथे नेऊन दाखवा.

सगळं १८५७ मध्ये कोंबणं

चांद्याचा उठाव १८५८ चा आहे. मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी तो केला, तारेच्या कामावरच्या इंग्रजांवरही हल्ला झाला. बाबूरावांना २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. 'शिपायांच्या बंडात सामील झाले' एवढ्यावर त्यांची बोळवण करणं मला फार लागतं. तो आपल्या जंगलासाठी, आपल्या जमीनदारीसाठी आणि आपल्या माणसांसाठी उभा राहिलेला गोंडांचा लढा होता. उलट अडगावची लढाई १८०३ ची आणि सीताबर्डीची १८१७ ची. त्या राजांच्या फौजांच्या लढाया, त्यांत गावकऱ्यांचा उठाव घुसडू नका.

चिमूर आणि आष्टी एक करणं

दोन्हीकडे तारीख तीच, १६ ऑगस्ट १९४२, आणि दिवस नागपंचमीचा. म्हणून सरमिसळ होते. चिमूर तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातलं, आष्टी वर्ध्यातलं. त्यातही आष्टी नावाचं गाव गडचिरोलीत आहे आणि बीडमध्येही, त्यामुळे जिल्हा लिहिल्याशिवाय नाव लिहू नका. म्हातारी माणसं तारीख सांगत नाहीत, तिथी सांगतात. '४२ ची नागपंचमी' म्हटलं की १६ ऑगस्ट. मात्र दुसऱ्या सालची पंचमी त्याच तारखेला धरू नका.

तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी हा सगळा मुलूख पेटला होता. चिमूरला गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर गेले. चिडलेल्या जमावाने अधिकाऱ्यांना ठार मारलं, आष्टीला पोलीस ठाण्यात पोलीस मारले गेले. हे लपवणारे पुष्कळ. लपवू नका, नाहीतर पुढच्या फाशीच्या शिक्षा आणि त्या रद्द व्हाव्यात म्हणून अनसूयाबाई काळे यांनी केलेली धडपड वाचणाऱ्याला कळणारच नाही.

चिमुरात नंतर फौज आली आणि बायकांवर अत्याचार झाले. त्याच्या चौकशीसाठी गांधीजींचे सहकारी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपवास केला. गोळीबाराला दहा ओळी आणि या अत्याचारांना 'अनन्वित छळ' हे दोन शब्द, असं करू नका. अत्याचार झाला हे स्पष्ट लिहा, पण कोणत्या घरातल्या बाईवर झाला हे लिहू नका.

पेन्शनची यादी म्हणजेच स्वातंत्र्यसैनिकांची यादी समजणं

केंद्राची पेन्शन १९७२ पासून आली आणि तिला साधारण सहा महिन्यांच्या कारावासाची अट होती. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींना पुढे ती तीन महिन्यांवर आणली. ज्याला दोन महिन्यांची शिक्षा झाली, जिने भूमिगतांना भाकरी पोचवली, ती माणसं या यादीत सापडायची नाहीत. जेलचा दाखला नसलेला म्हातारा अर्जच करायचा नाही.

एखादं नाव अडलं तर आधी घरातला जातीच्या दाखल्याचा गठ्ठा उघडा. विदर्भात त्यात हमखास कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीची नक्कल असते. मृत्यूच्या नोंदीत नाव, बापाचं नाव, जात, तारीख आणि बहुधा मरणाचं कारणही सापडतं. गावच्या बुकात नोंद नसेल तर माणूस जिथे मेला तिथल्या बुकात पाहा. तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये नकलेचा अर्ज करता येतो. सोबत शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहा, १९३० किंवा १९४२ मध्ये मधूनच नाव कमी झालेली मुलं त्यात दिसतात. कारणाचा रकाना नीट वाचा. नागपूरच्या अभिलेखागारात जायचं तर जिल्ह्याचं जुनं नाव सोबत ठेवा: वाशिमसाठी बाशीम, अचलपूरसाठी एलिचपूर, यवतमाळसाठी वणी जिल्हा. गडचिरोली, वाशिम, गोंदिया हे आजचे जिल्हे तर १९८२ पासून पुढचे, त्यांच्या नावाने इंग्रजांच्या काळातली फाइल निघणार नाही.

ग्रॅनाइटवर कोरायच्या आधी मजकूर साध्या कागदावर छापून चावडीवर लावा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचा. गोंड मोहल्ल्यातून, बौद्ध वस्तीतून, बायकांकडून हरकती येतील, राहिलेली नावं येतील. ती वहीत उतरवा, एकेक तपासा, आणि मगच कारागिराला आगाऊ रक्कम द्या.