रोजच्या वापरासाठी झूम लेन्स कशी निवडावी?

मिररलेस कॅमेऱ्यासाठी एकच झूम घ्यायची म्हटली की लेन्सवरच्या मिलिमीटरच्या दोन आकड्यांपैकी (उदा. २४-७०) नजर आधी जाते मोठ्या आकड्याकडे: ७० पुरेल, १०५ हवी, की सरळ २०० घेऊन टाकावी? माझ्या मते गाडी इथेच रुळावरून घसरते. आधी लहान आकडा पाहावा (तो जितका लहान, तितकं रुंद दृश्य मावतं), मग वजन. लांबचा पल्ला त्यानंतर.

१. आपला सेन्सर ओळखा

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग; फुल फ्रेम, एपीएस-सी आणि मायक्रो फोर थर्ड्स हे त्याचे उतरत्या क्रमाने आकार. फुल फ्रेमवर २४ मिमीला जेवढं दृश्य मावतं, तेवढंच मावायला एपीएस-सीवर साधारण १६ आणि मायक्रो फोर थर्ड्सवर १२ मिमी लागते. म्हणजे आपल्या लेन्सवरच्या आकड्याला एपीएस-सी असेल तर दीडने (कॅननमध्ये १.६ ने), मायक्रो फोर थर्ड्स असेल तर दोनने गुणायचं. खाली दिलेले मिमी फुल फ्रेमच्या हिशोबाने आहेत. माउंटही (लेन्स कॅमेऱ्याला जोडायची खाच) बघून घ्या. सोनी ई, निकॉन झेड, कॅनन आरएफ, फुजी एक्स हे सगळे वेगवेगळे.

२. जुने फोटो उघडा

प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ (म्हणजे तो मिमीचा आकडा) नोंदलेली असते. लाइटरूम क्लासिक या फोटो सॉफ्टवेअरमध्ये तर त्यानुसार फोटो गाळताही येतात. किट लेन्सचे (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या झूमचे) फोटो बघताना दोन्ही टोकांना गर्दी दिसेल. रिंग शेवटपर्यंत फिरवायची सवय सगळ्यांनाच असते. त्यामुळे नुसती संख्या मोजू नका. वाइड टोकाच्या (लहान आकड्याच्या) फोटोंत कडेचं काही कापलं गेलंय का, ते बघा. आजवर फक्त मोबाइल वापरला असेल तरी अंदाज येतो: बऱ्याच मोबाइलचा मुख्य कॅमेरा २४ ते २६ मिमीच्या आसपास असतो.

३. लहान आकडा पक्का करा

२४ आणि २८ मध्ये चारच मिलिमीटरचा फरक, पण तो खोलीत कळतो. भिंतीला पाठ टेकून तीन मीटरवर उभ्या असलेल्या माणसांचा आडवा फोटो घ्या. २४ मिमीला सुमारे साडेचार मीटर रुंदी मावते, २८ ला ३.८५ मीटर. कडेचा एक माणूस गेला बाहेर, आणि तुम्हाला मागे सरकायला जागा नाही.

दुसऱ्या टोकाला मात्र तडजोड चालते. २४ मेगापिक्सेलचा, ७० मिमीवर काढलेला फोटो १०५ इतका कापला, तर जवळपास साडेदहा मेगापिक्सेल उरतात. एवढ्यात चांगली प्रिंट निघते. जे फ्रेममध्ये आलंच नाही, ते नंतर कुठून आणणार? म्हणून २८-२०० पेक्षा २४-१०५ किंवा २४-१२० कडे माझा कल. फिरतीत बहुतेक उघड्यावरच, लांबचे फोटो काढणाऱ्याने २८-२०० खुशाल घ्यावी.

४. एफ २.८ खरंच हवं का?

एफचा आकडा अपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचा: आकडा लहान तितकं छिद्र मोठं. एफ ४ ला एफ २.८ च्या निम्मा प्रकाश मिळतो. तोच आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ठेवला तर १/१२५ सेकंदाचा शटर १/६० वर येतो. स्थिर वस्तूला याने काही बिघडत नाही, हाताची थरथर स्टॅबिलायझेशन (कॅमेऱ्यातली किंवा लेन्समधली कंप कमी करणारी सोय) सांभाळून घेतं. घरात पळणारं मूल मात्र १/६० ला हमखास हलतं, आणि त्यावर स्टॅबिलायझेशनचा काडीचा उपयोग नाही. मंद उजेडात हलती माणसं हाच तुमचा मुख्य विषय असेल तर २.८ घ्या. नुसती मागची धूसरता हवी असेल तर एफ ४ ची झूम आणि जोडीला छोटी ५० मिमी एफ १.८ घ्या, ती २.८ च्या जवळपास अडीच पट प्रकाश घेते.

५. वजन अंगावर घेऊन बघा

सोनीची २०१६ सालची २४-७० जीएम ८८६ ग्रॅमची होती, २०२२ मध्ये आलेली दुसरी आवृत्ती ६९५ ग्रॅमची. निकॉनची झेड २४-१२० एफ ४ आहे ६३० ग्रॅम. कागदावर यातून काही बोध होत नाही. बॉडी आणि लेन्सच्या वजनाची बेरीज करा, बाटलीत पाणी भरून तेवढं वजन करा आणि ती खांद्याला अडकवून तासभर फिरा. खांदा बोलायला लागला तर हलकी लेन्स शोधा. घरी राहणारी लेन्स कितीही शार्प असली तरी काय कामाची?

६. हातात आल्यावर

लेन्स खाली तोंड करून धरा आणि थोडं चाला. नळी आपोआप बाहेर घसरते का ते दिसेल. मग कॅमेरा ट्रायपॉडवर लावून लांबच्या सपाट इमारतीसमोर अगदी सरळ उभा करा, अपर्चर पूर्ण उघडा आणि वाइड, मध्य, टेली (मोठ्या आकड्याचं टोक) असे तीन फोटो काढा. स्क्रीनवर शंभर टक्के मोठे करून चारही कोपरे तपासा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा धुरकट असेल तर पुन्हा एकदा काढून खात्री करा, आणि तरीही तसाच आला तर परत करण्याची मुदत संपायच्या आत नग बदलून घ्या.