पहिले महायुद्ध आणि ऑस्ट्रेलिया: कारणमीमांसेचा निबंध कसा लिहावा

पहिल्या महायुद्धाची कारणे आणि ऑस्ट्रेलियाचा त्यातील सहभाग या विषयावर निबंध लिहायचा झाला, की बहुतेक विद्यार्थी साराजेव्होतील हत्येपासून सुरुवात करतात आणि दोन पाने भरल्यावर एकदम तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरतात. मधला दुवा सुटतो आणि गुण तिथेच जातात. लेखणी उचलण्यापूर्वी या विषयात तीन स्वतंत्र प्रश्न दडलेले आहेत हे ध्यानात घ्यावे: युरोपात युद्ध का पेटले, ऑस्ट्रेलिया हे राष्ट्र त्यात का उतरले आणि तेथील सामान्य माणूस सैन्यात का भरती झाला. तिन्हींची उत्तरे निराळी आहेत. साराजेव्होतील गोळीबाराने पहिल्या प्रश्नाचा एक भाग सुटतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतातला शेतमजूर गणवेश का चढवतो, हे त्यातून मुळीच कळत नाही.

मूलभूत कारणे लिहिताना लष्करवाद, गुप्त करार, साम्राज्यवाद आणि राष्ट्रवाद हे चार ठरलेले मथळे पाठ असतातच. मथळे वापरायला हरकत नाही, परंतु प्रत्येक मथळ्याखाली त्या कारणाने प्रत्यक्षात काय घडवले हे दाखवावे लागते. करारांचे उदाहरण घेऊ. १८८२ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली यांचा त्रिराष्ट्र करार झाला. दुसऱ्या बाजूला १८९४ पर्यंत फ्रान्स आणि रशिया एकत्र आले आणि ब्रिटनने १९०४ मध्ये फ्रान्सशी, १९०७ मध्ये रशियाशी समझोता केला. एवढे लिहून ‘त्यामुळे युद्ध झाले’ असे म्हणणे घाईचे आहे, कारण इटली १९१४ मध्ये तटस्थ राहिली आणि १९१५ मध्ये चक्क विरुद्ध बाजूने लढाईत उतरली. करारांनी राष्ट्रांचे हात पुरते बांधले नव्हते. एका संघर्षात इतरांना ओढण्याची वाट मात्र त्यांनी तयार करून ठेवली होती. असा अपवाद स्वतःहून नोंदवला, की निबंधाला वजन येते. नौदलाच्या स्पर्धेबाबतही १९०६ मधील ड्रेडनॉट या नव्या प्रकारच्या ब्रिटिश युद्धनौकेचा नुसता उल्लेख पुरत नाही. जर्मनीच्या वाढत्या आरमारामुळे ब्रिटन आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांच्या जवळ कसा सरकला, हे सांगावे.

सर्वांत जास्त लक्ष १९१४ च्या जुलै महिन्याकडे द्यावे, आणि त्यासाठी तारखांचा एक तक्ता आधी कच्च्या कागदावर मांडावा. २८ जूनला साराजेव्हो येथे गाव्रिलो प्रिन्सिप या बोस्नियन सर्ब तरुणाने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना ठार केले; या खुनाचा ठपका सर्बियावर ठेवून ऑस्ट्रियाने त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारले ते २८ जुलैला. मध्ये तब्बल एक महिना गेला, आणि निबंधाचा गाभा त्या महिन्यातच आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जर्मनीने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचे आश्वासन दिले. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांच्या मुदतीचा निर्वाणीचा खलिता धाडला. सर्बियाने जवळजवळ सर्व अटी मान्य केल्या, पण आपल्या भूमीवरील न्यायालयीन चौकशीत ऑस्ट्रियन अधिकारी सहभागी होतील ही अट नाकारली. ते उत्तर वाचून खुद्द जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मला युद्धाचे कारण उरले नाही असे वाटले. परंतु तोवर ऑस्ट्रियाचा निर्णय झालेला होता. ३० जुलैला सर्बियाचा पाठीराखा असलेल्या रशियाने संपूर्ण सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम काढला आणि १ ऑगस्टला जर्मनीने रशियावर युद्ध पुकारले. जर्मनीची लष्करी योजना आधी फ्रान्सला झपाट्याने नमवून मग रशियाकडे वळण्याची होती, आणि फ्रान्सकडे जाणारा तिचा रस्ता बेल्जियममधून जात होता. १८३९ च्या तहानुसार बेल्जियमच्या तटस्थतेची हमी ब्रिटननेही दिलेली असल्याने ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरला. एका खुनाचे महायुद्ध कसे झाले, हे इतक्या क्रमाने मांडल्यावर ‘ठिणगी पडली आणि भडका उडाला’ हे घासून गुळगुळीत झालेले वाक्य लिहावे लागत नाही.

दोष कोणाचा, या वादात फार गुंतू नये. युद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहातील कलम २३१ ने जबाबदारी जर्मनी आणि तिच्या साथीदारांवर टाकली, इतिहासकारांचे मात्र आजही एकमत नाही, एवढी नोंद पुरेशी आहे.

आता ऑस्ट्रेलिया. येथे आधी कायदेशीर स्थिती स्पष्ट करावी. १ जानेवारी १९०१ रोजी सहा वसाहतींचे मिळून संघराज्य बनले होते, पण परराष्ट्र धोरण लंडनच्या हाती होते. ब्रिटिश राजाने युद्ध पुकारले की ऑस्ट्रेलिया आपोआप युद्धात असे. म्हणून ‘ऑस्ट्रेलियाने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले’ हे वाक्य १९१४ साठी चुकीचे ठरते. तरीही ‘ऑस्ट्रेलियाला पर्यायच नव्हता’ असे लिहिणे तितकेच अपुरे आहे, कारण किती माणसे पाठवायची आणि कोठे, हे मेलबर्नमधील (तेव्हाच्या राजधानीतील) ऑस्ट्रेलियन सरकारच ठरवणार होते. पंतप्रधान जोसेफ कुक यांच्या मंत्रिमंडळाने ३ ऑगस्टला, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारण्याआधीच, २०,००० सैनिक देऊ केले आणि आपले आरमार ब्रिटिश नौदलाच्या हुकमतीखाली देण्याची तयारी दाखवली. तेव्हा निवडणुकीचा प्रचार चालू होता. विरोधी मजूर पक्षाचे नेते अँड्र्यू फिशर यांनीही ३१ जुलैला व्हिक्टोरिया प्रांतातील कोलॅक येथील सभेत शेवटच्या माणसापर्यंत आणि शेवटच्या शिलिंगपर्यंत ब्रिटनला साथ देण्याची ग्वाही दिली होती. दोन्ही पक्ष एका सुरात बोलत होते ही बाब निबंधात आवर्जून यावी.

या एकमतामागे केवळ भावना नव्हती. पन्नास लाखांहून कमी लोकवस्तीचा तो प्रचंड देश आपल्या रक्षणासाठी आणि व्यापारासाठी ब्रिटिश आरमारावर विसंबून होता. १९०५ मध्ये जपानने रशियाचे आरमार बुडवल्यापासून तेथे आशियाई सत्तेची धास्ती वाढली होती, आणि गौरेतरांना दूर ठेवणाऱ्या स्थलांतर धोरणाशी ती धास्ती जोडलेली होती. शिवाय शत्रू शेजारीच होता: न्यू गिनीचा ईशान्य भाग जर्मनीकडे होता आणि ऑस्ट्रेलियन तुकडीने तो सप्टेंबर १९१४ मध्येच ताब्यात घेतला. याला जोडून एक विसंगती सांगता येते. नोव्हेंबरमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील ऑल्बनी बंदरातून निघालेल्या सैनिकी ताफ्याच्या संरक्षणाला ‘इबुकी’ ही जपानी युद्धनौका होती, कारण ब्रिटन आणि जपान यांच्यात १९०२ पासून करार होता.

व्यक्तींच्या हेतूंकडे वळताना एकच कारण सर्वांवर लादू नये. साम्राज्यनिष्ठा खरी होती. अनेक जण तर ब्रिटनमध्येच जन्मलेले होते. त्याबरोबर दिवसाला सहा शिलिंग पगार होता, जग पाहण्याची हौस होती, मित्रांचा आग्रह होता. हेतू काळानुसार बदललेही: भरतीचा उच्चांक जुलै १९१५ मध्ये, गॅलिपोलीतील जीवितहानीच्या बातम्या आल्यानंतर, गाठला गेला. मृत्यूची खबर ऐकून माणसे मागे हटली नाहीत, पुढे आली, हे कसे समजून घ्यायचे यावर दोन वाक्ये स्वतःच्या विचाराने लिहावीत.

लढायांचे वर्णन आखूड ठेवावे. प्रश्न कारणांचा आणि सहभागाचा आहे. २५ एप्रिल १९१५ चे गॅलिपोलीतील अवतरण, १९१६ मधील फ्रान्समधल्या फ्रोमेल येथील एका रात्रीत झालेली साडेपाच हजार सैनिकांची हानी आणि १९१८ मध्ये ऑस्ट्रेलियन सेनापती जॉन मोनॅश यांच्या नेतृत्वाखालील कामगिरी एवढे पुरते. आकडे देताना गल्लत टाळावी. सुमारे ४ लाख १६ हजार भरती झाले, सुमारे ३ लाख ३० हजार परदेशी गेले आणि सुमारे ६० हजार मृत्यू पावले. ‘हानी’ या शब्दात मृत, जखमी, बेपत्ता आणि युद्धकैदी हे सर्व येतात, म्हणून तो आकडा मृतांचा म्हणून देऊ नये.

सहभागाला मर्यादा होती हे दाखवण्यासाठी सक्तीच्या भरतीवरील दोन सार्वमतांइतका चांगला पुरावा नाही. देशाबाहेर लढण्याची सक्ती कायद्यात नव्हती. म्हणून पंतप्रधान बिली ह्यूज यांनी २८ ऑक्टोबर १९१६ आणि २० डिसेंबर १९१७ रोजी मतदारांचा कौल घेतला आणि दोन्ही वेळा नकार मिळाला, पहिल्यांदा सुमारे ७२ हजार मतांनी, दुसऱ्यांदा सुमारे १ लाख ६६ हजार मतांनी. मजूर पक्ष फुटला, मेलबर्नचे कॅथलिक धर्मगुरू डॅनियल मॅनिक्स यांनी उघड विरोध केला. १९१४ मधील एकमताचा परिच्छेद आणि हा परिच्छेद एकमेकांना छेद देतात असे वाटले तरी दोन्ही ठेवावेत: युद्धाला पाठिंबा देणारे पुष्कळ जण सक्तीच्या विरोधात होते.

शब्दमर्यादा एक हजाराची असेल तर युरोपातील कारणांना चारशे, ऑस्ट्रेलियाच्या निर्णयाला तीनशे, आणि उरलेले शब्द भरती व सार्वमतांना द्यावेत. शेवट १९१९ मध्ये करावा: पॅरिसच्या शांतता परिषदेत ह्यूज स्वतः हजर होते, व्हर्सायच्या तहावर ऑस्ट्रेलियाने स्वतंत्र सही केली आणि न्यू गिनीचा जर्मन प्रदेश पुढे राष्ट्रसंघाच्या आदेशाने ऑस्ट्रेलियाच्या कारभाराखाली आला.