माकडाला केळं द्यायच्या आधी

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात आमचं कौलारू घर, भीमगडचं जंगल याच तालुक्यात. सासूबाईंनी एका शनिवारी मारुतीचं म्हणून माकडाला केळं दिलं. आठवड्यात अख्खी टोळी स्वयंपाकघरात! लाडवांचा डबा गेला, कौलं फुटली ती वेगळीच.

तेव्हा हातानं काही भरवू नका, वार कुठलाही असो. खरकटं परसात टाकू नका. झाकणाच्या बादलीत ठेवा आणि थेट घंटागाडीत द्या. फणस पिकायच्या आधीच उतरवा. टोळी आलीच तर डोळ्याला डोळा भिडवू नका, दात दाखवून हसूही नका. त्यांना ती धमकी वाटते.

मोराला दाणे टाकून पकडू म्हणणारेही भेटतात की! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आमिष लावणं हीसुद्धा शिकारच.

भटक्या कुत्र्यांचं निराळं. २०२३ च्या नियमांप्रमाणे त्यांना खायला घालता येतं, पण जागा आणि वेळ ठरवून. जिना, प्रवेशद्वार आणि पोरांच्या खेळायच्या जागेपासून लांब.

जखमी प्राणी दिसला तर वनखात्याला १९२६ वर फोन लावा. कानडी येत नसेल तर शेजाऱ्याला बोलायला लावा, आम्ही तेच करतो.