इंटरमिटंट फास्टिंग करायचे असेल, तर आधी रात्रीचे जेवण आवरा

उपवास हा शब्द मराठी घराला समजावून सांगावा लागत नाही. कुणाचा सोमवार असतो, कुणाचा गुरुवार, आणि आषाढी एकादशीला तर एरवी उपवासाच्या वाटेला न जाणारेही उपवास धरतात. मात्र आपल्या बहुतेक उपवासांत अन्न वर्ज्य नसते, धान्य वर्ज्य असते. पोळीभाजीची जागा साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याची आमटी आणि राजगिऱ्याचे लाडू घेतात, आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण खरी ठरते. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे साडेतीनशे कॅलरी असतात आणि तो जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. त्यात दाण्याचे कूट आणि तूप पडले की ती खिचडी साध्या वरणभातापेक्षा जड होते. त्यामुळे ‘मी आठवड्यातून दोन उपवास करतो, तरी वजन उतरत नाही’ ही तक्रार ऐकून नवल वाटू नये.

इंटरमिटंट फास्टिंगमध्ये काय खायचे यापेक्षा कधी खायचे याला बंधन असते. दिवसाचे चोवीस तास खाण्याचे तास आणि उपाशी तास असे विभागले जातात. १६ तास उपाशी राहून उरलेल्या ८ तासांत जेवण उरकण्याची पद्धत सर्वांत प्रसिद्ध आहे. १४ आणि १० तासांची विभागणी त्याहून सौम्य. आठवड्यातले पाच दिवस नेहमीसारखे जेवून दोन दिवस पाचशे ते सहाशे कॅलरींवर भागवण्याची ५:२ ही पद्धत वेगळी. आपल्याकडे या कल्पनेला जवळचे काही असेल, तर ते व्रतांमधले एकभुक्त आणि जैन कुटुंबांतला चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा नियम. महाराष्ट्रात नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी व्याख्याने देऊन पोहोचवलेला ‘दिवसातून दोनदाच जेवण’ हा विचारही याच कुळातला आहे, मग त्याची शास्त्रीय बाजू कुणाला पटो वा न पटो.

सुरुवात करण्यापूर्वी अपेक्षा जमिनीवर आणणे आवश्यक आहे. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ११६ जणांपैकी एका गटाला दुपारी १२ ते रात्री ८ या वेळेतच खाण्यास सांगितले होते, किती खावे याचे बंधन मात्र नव्हते. बारा आठवड्यांनंतर त्यांचे वजन सरासरी एक किलोच्या आतच कमी झाले आणि तीन वेळा जेवणाऱ्या गटाशी तुलना करता तो फरक लक्षणीय ठरला नाही. चीनमधील ग्वांगझू येथील २०२२ च्या चाचणीत १३९ स्थूल व्यक्तींना वर्षभर ठरावीक कॅलरींचा आहार दिला आणि त्यांच्यातील निम्म्यांना तो सकाळी ८ ते दुपारी ४ मध्येच घेण्यास सांगितले. दोन्ही गटांचे वजन चांगले उतरले, एकाचे ८ किलो आणि दुसऱ्याचे ६.३ किलो, पण हा फरकही संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. याचा सरळ अर्थ असा की घड्याळ स्वतःहून चरबी वितळवत नाही. ठरावीक वेळेनंतर तोंड बंद राहिल्याने एकूण खाणे कमी झाले, तर वजन कमी होते. ‘सोळाव्या तासाला पेशींची साफसफाई सुरू होते’ असे दावे मोबाइलवर फिरत असतात आणि त्यासाठी योशिनोरी ओसुमी यांच्या २०१६ च्या नोबेलचा दाखला दिला जातो. परंतु ते मूलभूत काम यीस्टच्या पेशींवर झालेले आहे, त्यावरून आपल्या जेवणाचे वेळापत्रक बेतू नये.

मग ही पद्धत वापरायची कशासाठी? कॅलरी मोजणे ज्यांना जमत नाही त्यांना ‘साडेसातनंतर काही नाही’ हा एक नियम पाळणे सोपे जाते, एवढेच तिचे खरे बळ आहे, आणि माझ्या मते ते पुरेसे आहे.

कोणी हा प्रयोग करू नये

गर्भवती आणि अंगावर दूध पाजणाऱ्या स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुलेमुली, वजन आधीच कमी असलेल्या किंवा अशक्त वृद्ध व्यक्ती, आणि ज्यांना पूर्वी खाण्याच्या विकाराचा त्रास झाला आहे अशा सर्वांनी यापासून दूर राहावे. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एक दिवसही करून पाहू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या नेहमीच्या मात्रेत घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्यांबरोबर दीर्घ उपवास केल्यास साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ले साठण्याचा धोका असतो, म्हणून तो धोका अनेकदा उशिरा लक्षात येतो. हातपाय थरथरणे, दरदरून घाम येणे, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसल्यास आणि साखर ७० च्या खाली असल्यास उपवासाचा विचार न करता तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. मशीन हाताशी नसले तरी साखर घेण्यास थांबू नये. अशा वेळी ‘उपवास मोडतो’ ही भावना घरातल्या ज्येष्ठांच्या मनात हमखास येते, त्यामुळे हे त्यांना आधीच सांगून ठेवावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना वजन उतरू लागल्यावर किंवा पाणी कमी पडल्यावर उठताना चक्कर येऊ शकते. त्यांनीही औषधाची मात्रा तपासून घ्यावी. थायरॉइडची सकाळची गोळी मात्र उपाशीपोटीच घ्यायची असल्यामुळे तिला अडचण नाही. फक्त तिच्यानंतर अर्धा ते एक तास चहा-कॉफी टाळावी.

पहिला आठवडा फक्त नोंदी

खाण्यात कोणताही बदल न करता सात दिवस फक्त दोन वेळा लिहून ठेवा: दिवसातला पहिला घास किंवा घोट कधी गेला आणि शेवटचा कधी. दूधसाखरेचा चहासुद्धा यात धरायचा. बहुतेकांना वाटते की आपण सकाळी नाश्त्याला सुरुवात करतो आणि नऊला जेवून संपवतो; वहीत मात्र सकाळी साडेसहाचा चहा आणि रात्री अकराला टीव्हीसमोर खाल्लेला मूठभर चिवडा उतरतो. म्हणजे खाण्याचे तास सोळाच्या वर गेले. हा आकडा डोळ्यांसमोर आल्याशिवाय १४ किंवा १६ तासांच्या गप्पांना अर्थ नाही.

याच आठवड्यात वजन आणि कमरेचा घेर नोंदवावा. घेर मोजताना फीत सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा भाग यांच्या मधोमध ठेवावी आणि श्वास सहज सोडल्यावर आकडा पाहावा. भारतीयांमध्ये पुरुषांचा ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटीमीटरच्या वर घेर धोक्याचा मानतात. उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की स्थूलता, असे आपल्याकडचे निकष आहेत. १६५ सेंटीमीटर उंची आणि ७२ किलो वजन असेल, तर हा निर्देशांक साधारण २६.४ येतो.

तास कसे वाढवावे

पहिले दोन आठवडे बारा तासांवर थांबावे. रात्री साडेआठला जेवण संपले, तर सकाळी साडेआठपर्यंत फक्त पाणी. हे जमले की दर आठवड्याला अर्धा तास वाढवत चौदा तासांपर्यंत यावे. वाढवलेला अर्धा तास शक्यतो रात्रीच्या बाजूने घ्यावा, म्हणजे नाश्ता लांबवण्याऐवजी जेवण अलीकडे आणावे. सकाळचा नाश्ता उडवणे सोपे वाटते, म्हणून बहुतेक जण तेच करतात, पण त्यामुळे सगळा आहार रात्रीकडे सरकतो आणि भरल्या पोटी झोपण्याची सवय तशीच राहते. सोळा तासांचा आग्रह मी कुणालाही धरणार नाही. वर्षभर टिकणारे चौदा तास पंधरा दिवसांत सुटणाऱ्या सोळा तासांपेक्षा उपयोगाचे.

रात्रीचे जेवण अलीकडे आणणे सांगायला सोपे आणि करायला अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. कल्याण-डोंबिवलीहून मुंबईला नोकरीसाठी जाणारा माणूस साडेआठ-पावणेनऊला घरी पोहोचतो, हातपाय धुऊन ताटावर बसेपर्यंत सव्वानऊ होतात. त्याने दुसरा डबा नेऊन सहा-साडेसहाला कार्यालयातच पोळीभाजी आणि उसळ खाऊन निघावे आणि घरी आल्यावर घरच्यांबरोबर बसून वाटीभर सार किंवा ताक घ्यावे, तेही आठवड्यातून चार दिवस साधले तरी चालेल. ज्या दिवशी वाटीभर घेतले, त्या दिवशी उपाशी तास तिथपासून मोजायचे. हे शक्य नसेल, तर सकाळी अकरा ते रात्री नऊ असे दहा तास ठरवावेत. ही तडजोड आहे, पण प्रामाणिक तडजोड आहे. रात्रपाळी करणाऱ्यांनी खाण्याचे तास झोपेच्या वेळेशी जोडावेत आणि पहाटे दोन-तीनला भरपेट जेवणे टाळावे. घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईचे तासही विचारात घ्यावेत. नवऱ्यासाठी साडेसहाला, मुलांसाठी आठला आणि सासऱ्यांसाठी नऊला गरम पोळ्या लाटाव्या लागत असतील, तर हा प्रयोग एका व्यक्तीचा उपवास आणि दुसऱ्या व्यक्तीची शिक्षा ठरेल.

चहाचा प्रश्न

उपाशी तासांत पाणी, साखर न घातलेले लिंबूपाणी, कोरा चहा आणि दूधसाखरेविना कॉफी चालते. दूधसाखरेचा चहा चालत नाही, आणि बहुतेकांचा उपवास नेमका इथे मोडतो. दोन चमचे साखरेच्या चाळीस कॅलरी, वर दुधाच्या. दिवसात चार कप म्हटले की एका छोट्या जेवणाइतकी भर न कळत पडते, शिवाय बशीत दोन बिस्किटे आलीच. चहा सोडण्याची भीष्मप्रतिज्ञा करू नये. आठवडाभरात साखर दोन चमच्यांवरून एकावर आणावी आणि सकाळचा पहिला कप खाण्याच्या तासांत ढकलावा. ज्यांना चहाविना डोके दुखते, त्यांनी सुरुवातीला कोऱ्या चहात आले किंवा गवती चहा घालून पाहावा. उपाशीपोटी कोऱ्या चहाने पित्त होत असेल, तर तोही सोडून कोमट पाणी घ्यावे. ताक पातळ असले तरी ते अन्नच आहे. पण ताकाच्या एका पेल्यामुळे रात्रीचा चिवडा टळत असेल, तर मी ताकाच्या बाजूने कौल देईन.

उपवास कशाने सोडावा

चौदा तासांनंतर समोर बटाटेवडा आला, तर तो एक राहत नाही, चार होतात. पहिल्याच आठवड्यात माझे हेच झाले होते. म्हणून पहिला घास आधीच ठरलेला असावा: मोड आलेल्या मुगाची उसळ, दोन उकडलेली अंडी, दही आणि काकडीची कोशिंबीर किंवा भाज्या घातलेले थालीपीठ. पोहे आणि उपमा घ्यायचे असतील, तर त्यांत दाणे, मटार घालून बरोबर दही किंवा अंडे घ्यावे, कारण नुसते पोहे दोन तासांत पुन्हा भूक लावतात.

वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही घटतात. अमेरिकेतील वर सांगितलेल्या चाचणीत नेमकी हीच काळजी पुढे आली होती. त्यासाठी प्रथिनांकडे लक्ष द्यावे लागते आणि मराठी शाकाहारी ताट इथे कमी पडते. किलोमागे ०.८३ ग्रॅम या हिशेबाने सत्तर किलोच्या व्यक्तीला किमान ५८ ग्रॅम प्रथिने लागतात. वाटीभर वरणातून पाच-सहा, वाटीभर घट्ट उसळीतून सात-आठ, एका अंड्यातून सहा आणि एका पोळीतून साधारण तीन ग्रॅम मिळतात. दोनच जेवणांत हे बसवायचे असेल, तर भाताच्या दुसऱ्या वाढीऐवजी उसळीची दुसरी वाटी घ्यावी. मासे, चिकन खाणाऱ्यांचे काम सोपे आहे. आठवड्यातून दोन-तीनदा जोर, बैठका किंवा हलके वजन उचलण्याचा व्यायाम केल्याने स्नायू राखायला मदत होते. नुसते चालणे त्यासाठी पुरत नाही.

पहिल्या पंधरवड्यात डोके दुखणे, चिडचिड आणि बद्धकोष्ठता होऊ शकते. बहुतेक वेळा पाणी आणि भाज्या कमी पडल्याचा तो परिणाम असतो. भूक लाटेसारखी येते आणि अर्ध्या तासात ओसरते, हे एकदा अनुभवले की तिची धास्ती उरत नाही. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरले तर पेढे वाटू नयेत. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर वापरली जाते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी शरीराबाहेर पडते, त्याचाच तो आकडा असतो. त्यानंतर आठवड्याला अर्धा किलो हा वेग उत्तम. फार झपाट्याने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते.

वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी सकाळी शौचानंतर घ्यावे. लग्नकार्य, गणपती, दिवाळी या दिवसांत तास मोडणारच. दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई म्हणून चोवीस तास उपाशी राहू नये, नेहमीच्या वेळेला जेवावे. एकादशी खाण्याच्या तासांत पाळायची असेल, तर खिचडीऐवजी वरीचा भात, दाण्याची आमटी, दही आणि फळ असे एकच ताट घ्यावे. मासिक पाळी चुकू लागली, केस जास्त गळू लागले, झोप उडाली किंवा मनात सतत खाण्याचेच विचार घोळू लागले, तर पुन्हा बारा तासांवर यावे आणि डॉक्टरांना भेटावे. यांतले काही झाले नाही, पण तीन महिन्यांनी घेर आणि वजन दोन्ही जागच्या जागी असतील, तर तास वाढवण्याआधी पहिल्या आठवड्याची वही पुन्हा उघडावी आणि या वेळी वेळेबरोबर ताटात काय आणि किती होते, तेही लिहावे.